चिक्कीचा दर

बिस्कीट मोडल्याचा तो कट्‌ असा आवाज कानावर आला की अजूनही माझी पाठ आपोआप ताठ होते. मुलगी डायनिंग टेबलापाशी बसून दुधाबरोबर डायजेस्टिव्ह मोडत असते आणि मी ओट्यापाशी उभी राहून, भर दुपारी, आपल्याच घरात, दचकते. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव. डॉक्टरला काय सांगू? की मला बिस्किटाची भीती वाटते? हे सगळं सरांचं देणं आहे.

सर म्हणजे आमच्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसातले व्हॅटचे हेड. कंपनी आपल्याकडचे खाण्याचे पदार्थ विकायची. चिवडा, भाकरवडी, खाखरे, लोणची, तयार पिठं. इथे ब्रिटनमध्ये, आणि समुद्रापलीकडे युरोपातल्या बऱ्याच देशांत. कुठल्या पाकिटावर कुठल्या देशात किती कर लागतो ते ठरवणं आमच्या टीमचं काम. टीम म्हणजे सर. बाकी आम्ही तिघं-चौघं होतो, पण आम्ही बहुतेक घाबरायलाच ठेवलेले.

माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता. डिग्री विचारली नाही, अनुभव विचारला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला भीती वाटते का?"

"कशाची, सर?"

"चुकण्याची."

मी पुण्याहून नुकती आलेली, आधीच पाचावर धारण बसलेली. खरं तेच तोंडातून निघून गेलं. "हो. झोप लागत नाही कधी कधी."

"छान," ते म्हणाले. "सोमवारपासून या."

तेव्हा मला वाटलं, काय विनोदी माणूस आहे! महिनाभरात कळलं की माणूस विनोद करतच नाही.

कुठलाही नवा पदार्थ आला की सरांच्या केबिनमध्ये एक पांढरी बशी निघायची. पदार्थ आधी कानाशी धरून मोडायचा, मग हुंगायचा, मग डोळे मिटून सावकाश खायचा. अर्धा तुकडा बशीत उघडाच ठेवून घरी जायचं आणि सकाळी कोट काढायच्या आधी तो बोटानं दाबून बघायचा. कडक झाला असेल तर केक, मऊ पडला असेल तर बिस्कीट. तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? फरक असा, की इथे केकला कर नाही. साध्या बिस्किटालाही नाही. पण बिस्किटाला चॉकलेट फासलंत की पूर्ण कर. जिंजरब्रेडच्या, म्हणजे आल्याच्या बिस्किटाच्या, बाहुल्याला चॉकलेटचे नुसते डोळे असले तर माफ, चॉकलेटची बटणं लावली की लागू! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फस्सकन हसले. सरांनी बशी खाली ठेवली.

"हसू नकोस. असल्या बटणांपायी लोक घरी बसलेत."

त्यानंतर त्या ऑफिसात मी कधी मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही.

ते ओरडायचे नाहीत, हीच तर पंचाईत होती. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते. सर आपल्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. पायांचा आवाज नाही, काही नाही. आणि मग अगदी हळू, कानाशी बोलल्यासारखे, "खात्री आहे?" बस, एवढंच. आपल्याला पाच मिनिटांपूर्वी आपल्या नावाइतकी खात्री असायची, आणि ते दोन शब्द ऐकले की ततपप व्हायचं. गोऱ्या पोरांना ते "आर यू शुअर?" म्हणायचे. माझ्या शेजारचा एक धिप्पाड मुलगा, रग्बी खेळणारा, त्याला एकदा बाथरूममध्ये रडून, तोंड धुऊन येताना पाहिलंय मी.

असे का झाले असतील, यावर कँटीनमध्ये बऱ्याच गोष्टी चालायच्या. कुणी म्हणे, पहिल्या नोकरीत त्यांचा साहेब एका चुकीपायी देशोधडीला लागला. कुणी म्हणे, साहेब नव्हे, ते स्वतःच. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "कारण असलं तरच घाबरायचं असतं का?" 

त्यांची बायको, आमच्या काकू, त्या मात्र मोठ्या खट्याळ. लंडनच्या कडेला पिनरला त्यांच्या घरी दरवर्षी गणपतीला आम्हाला बोलावणं असायचं. सर कोपऱ्यात बसून प्रसादाच्या वाटीकडे संशयानं बघत असायचे आणि काकू आम्हाला त्यांच्या सहली सांगायच्या. "व्हिएन्नाला काय पाहिलं विचारशील तर जॅम. लिस्बनला बिस्किटं. कोपनहेगनला दीड तास दह्यासमोर उभी होते मी! राजवाडा समोर दिसतोय, आणि हा माणूस ट्रॉली घेऊन पाकिटांची पाठ वाचतोय." सर सुट्टीवरून परत यायचे ते बॅगभर पाकिटं घेऊन. एकच बिस्कीट, सहा देशांतलं. ती सहा पाकिटं टेबलावर ओळीनं मांडून आम्हाला शिकवायचे.

"हे बघ. डेन्मार्कात पावाला जो दर, तोच हिऱ्याच्या अंगठीला. जर्मनीत गाईच्या दुधाला एक, ओट्सच्या दुधाला दुसरा. आयर्लंडची तऱ्हा तिसरीच. सगळ्यांनी बसून नियम एक केले. म्हणाले, आता घर एक, चूल एक. पण प्रत्येकानं आपापलं लाडकं बाळ तेवढं बाजूला काढून ठेवलं. याचा पाव, त्याची वाईन, आणखी कुणाची पुस्तकं."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. तरुणपणी त्यांना मनापासून वाटायचं, की आपल्या हयातीत युरोपभर एकच यादी होईल. लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत बिस्किटाला एकच दर, आणि मग कुणाला रात्री दचकून उठायला नको. या एका विषयावर बोलताना त्या माणसाच्या डोळ्यांत मी भीती पाहिली नाही. पुढे ब्रिटननं युरोपातून अंगच काढून घेतलं. त्या सकाळी सर नेहमीसारखे आले, कोट न काढता बसले, आणि दिवसभर कुणालाही "खात्री आहे?" विचारलं नाही. आम्हाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आम्ही जास्तच घाबरलो.

मग कंपनीनं ठरवलं, की युरोपाला जमलं नाही ते आपण करू. सगळ्या देशांच्या वेगवेगळ्या याद्या मोडायच्या आणि एकच मूळ यादी करायची. पदार्थ म्हणजे नक्की काय आहे, केक की बिस्कीट, जेवण की मिठाई, ते एकदाच आमच्या ऑफिसात ठरवायचं, आणि मग कंप्युटरनं प्रत्येक देशाचा दर त्याला आपोआप लावायचा. मूळ यादी अर्थातच सरांची. मी ती एकेक ओळ तपासून सिस्टिममध्ये चढवायची, आणि उन्हाळ्यात सगळीकडे एकदम चालू. त्याच उन्हाळ्यात माझा व्हिसा संपत होता.

हे इथे नीट सांगायला हवं. आम्ही तिघं या देशात राहत होतो ते माझ्या नोकरीवर. व्हिसा माझा, नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसाला लटकलेले. कंपनीनं पुन्हा स्पॉन्सर केलं तर राहायचं. नाही केलं, तर दोन महिन्यांत दुसरी कंपनी शोधा, नाहीतर बॅगा भरा. एचआरचं म्हणणं सरळ होतं, तुझ्या साहेबांनी सही केली की आम्ही पुढे पाठवतो. कागद सरांच्या टेबलावर होता.

आणि अशात एका बुधवारी मुलगी शाळेतून आली, भूक भूक करत. मी तिच्या हातावर चिक्कीची वडी ठेवली. आमच्याच कंपनीची. आमच्या घरी नियम आहे, गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी. पोरीनं वडी परत केली.

"आज सॅटर्डे नाहीये, आई."

"मग?"

"हा स्वीट आहे ना. स्वीट्स सॅटर्डेला."

"अगं, चिक्की काय स्वीट असते का? शेंगदाणे असतात ते. अंगाला लागतात."

"आई," ती मला समजावत म्हणाली, "तो गोड आहे. तो शुगरचा आहे. तो हातानं खाते. इट्स अ स्वीट."

वडी माझ्या हातातच राहिली. कारण हेच्या हेच शब्द मला पाठ होते. बोटांनी खायचा गोड पदार्थ म्हणजे मिठाई, मिठाईला पूर्ण कर. आमच्या धंद्यातला पहिला धडा! आणि मूळ यादीत चिक्कीपुढे काय होतं ते मी त्याच आठवड्यात चढवलं होतं. शेंगदाण्याचा पारंपरिक खाद्यपदार्थ, कर नाही. सरांनी स्वतः ठरवलेलं. बाजारात येऊन वर्ष व्हायला आलं होतं, खप दणदणीत, आणि आता तीच चूक डब्लिनपासून वॉर्सापर्यंत पसरायला तयार होऊन बसली होती.

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "गप्प बस. व्हिसा होऊ दे आधी. त्यांची चूक आहे, त्यांना सापडू दे." त्याचं काही चुकत होतं असं नाही. पण यादी चढवणारी मी होते. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, की बाई, तुला दिसलं कसं नाही? आणि न सांगावं तरी भीती, सांगावं तरी भीती. इकडे आड, तिकडे विहीर.

ईस्टरच्या सुट्टीआधी मी सरांच्या केबिनचं दार ठोठावलं.  टेबलावर माझा कागद दिसत होता, अजून सही नसलेला.

"सर, चिक्कीबद्दल विचारायचं होतं."

"काय?"

"ती मिठाईत नको का जायला?"

सरांनी मान वर केली. मला वाटलं, आता संपलं. मग ते म्हणाले, "चिक्की? चिक्की म्हणजे..." आणि थांबले. मला त्यांचं थांबणं ओळखीचं वाटलं, त्या बुधवारी पोरीपुढे मीसुद्धा तिथेच अडले होते.

"बशीवर घेतली होती का सर, तेव्हा?"

"नाही," ते हळूच म्हणाले. "बशीवर कशाला घ्यायची? मी लोणावळ्याचा. आई शाळेत डबा द्यायची नाही, खिशात चिक्कीचे दोन तुकडे द्यायची. तेच जेवण असायचं. कधी मनातच आलं नाही गं."

मग त्यांनी विचारलं, "खात्री आहे?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो खरोखरचा प्रश्न होता. त्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी नाही म्हणावं असं हवं होतं.

"हो, सर."

"बघतो मी," ते म्हणाले. "तू जा."

आणि मग काहीच झालं नाही. तुम्ही कधी काहीच न होण्याला घाबरला आहात का? रोज सकाळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. सर यायचे, बसायचे, जायचे. बशी निघाली नाही. माझ्या खुर्चीमागे कुणी येऊन उभं राहिलं नाही. ईस्टर आला आणि गेला. चिक्की तशीच विकली जात होती, बिनकराची. एचआरवाली मला आठवण करायची, "सिग्नेचर मिळाली का?" मी सरांना विचारलं की म्हणायचे, "करतो." माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. हा माणूस सही मुद्दाम करत नाहीये. मी गेले की चूक माहीत असलेलं कुणी उरणार नाही. चार वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली त्या साहेबांबद्दल मी असा विचार करत होते, बाई, आणि तो खोटा आहे असं मला ठामपणे म्हणता येत नव्हतं!

एका शुक्रवारी फायनान्स डायरेक्टर बाईंचा निरोप आला, ताबडतोब या. वर गेले तर सर आधीच तिथे बसलेले. स्वतःच गेले होते सांगायला. चिक्कीची वडी टेबलावर ठेवली होती, अर्धी मोडलेली.

डायरेक्टर बाई शांतपणे बोलत होत्या. चूक झाली, ती सरकारला आपणहून कळवायची, दंड कमी बसतो, इथवर ठीक. "पण मला एकच सांगा," त्या माझ्याकडे वळल्या, "हे तुमच्या लक्षात कधी आलं? यांना कधी सांगितलंत?"

प्रश्न साधा दिसतो. नव्हता. परवा सांगितलं म्हटलं तर ती नजरचूक. कोणाचीही होते. पण माहीत असून आठवडेच्या आठवडे दडवलं म्हटलं, तर त्याला या धंद्यात वेगळं नाव आहे, आणि ते नाव एकदा लागलं की त्या माणसाला पुन्हा कुणी उभं करत नाही. चाळीस वर्षांची अब्रू माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपली होती. खरं बोलावं तर सर गेले. खोटं बोलावं आणि पकडले गेले तर मी गेले, घरादारासकट.  मी तोंड उघडलं. "धिस वीक" एवढे दोन शब्द ओठांवर आले होते.

"बिफोर ईस्टर," सर म्हणाले. "शी टोल्ड मी बिफोर ईस्टर. आय सॅट ऑन इट."

हिनं ईस्टरआधीच सांगितलं होतं, मीच ते दाबून ठेवलं, असं सरळ कबूल केलं त्यांनी. डायरेक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सरांना सांगितलं, की आजपासून घरी राहा, लॅपटॉप आणि पास इथे ठेवा. अगदी सभ्यपणे सांगितलं. सर उठले आणि त्यांना दाराची मूठ सापडेना. बाईंनी मला खूण केली, यांना गाडी चालवू देऊ नकोस.

मीच त्यांना माझ्या गाडीतून पिनरला घेऊन निघाले. मोटरवेला लागलो. मग एकदम फटकारलं मला.

"खोटं बोलणार होतीस तू."

मी लेन बदलली.

"तोंडावर दिसत होतं. त्या बाईंनाही दिसलं असतं. अक्कल आहे का? पोर शाळेत आहे तुझी इथे."

"तुमच्यासाठी, सर."

"माझ्यासाठी नको. भीतीनं माणूस काय करतो ते मला विचार. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. लिफ्टपर्यंत जायचो आणि परत यायचो. भीतीनं मी सावध होतो असं समजत होतो गं इतकी वर्षं. भित्राच होतो. नुसता भित्रा."

त्यांचा आवाज चिरकला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, आणि मला स्टीअरिंग सोडून कान झाकून घ्यावेसे वाटले. एवढा मोठा माणूस माझ्या शेजारी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसला होता.

घरासमोर गाडी थांबवली तरी ते उतरेनात. "पाच मिनिटं थांब," म्हणाले. मी इंजिन बंद केलं. तेवढ्यात काकूंनीच दार उघडलं, एप्रन बांधलेला, हाताला पीठ. भरदुपारी नवऱ्याला माझ्या गाडीत पाहून त्यांना सगळं कळलं असावं.

"सांगितलंत ना एकदाचं?" त्या त्यांना म्हणाल्या. "बरं झालं. डोळ्याला डोळा नाही या माणसाच्या कित्येक दिवस. ये गं तू आत. जेवल्याशिवाय जायचं नाही."

सर पोर्चमधल्या बाकावर बसून बूट काढायला लागले. नाडीची निरगाठ बसली होती, ती ओढताना आणखीच घट्ट होत होती. खाली बघतच ते काकूंना म्हणाले, "हिच्या कागदावर सही करायची राहिली गं. या लिफ्टच्या नादात राहूनच गेली. आता माझी सही चालायची नाही, आणि माझ्या टीमसाठी दुसरं कुणी करायचं नाही."

"कसली सही?" काकू म्हणाल्या.

सर नाडीवर आणखी वाकले. पाठ हलत होती नुसती, आवाज न करता.

 दुसरी कंपनी मिळायला मुदतीचे शेवटचे दिवस उजाडले, पण ते पुढचं. त्या घटकेला मला एवढंच दिसत होतं, की मुलीला शाळेतून काढायचं, भाड्याच्या घराची नोटीस द्यायची, आणि हे आज रात्री नवऱ्याला सांगायचं.  काकू माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"काही नाही हो, काकू. साधी सही होती. होईल," मी म्हटलं, आणि खाली बसून सरांच्या बुटाची गाठ सोडवायला लागले.